दुसऱ्यांच्या ब्लॉगवर गेस्ट पोस्ट स्वीकारली जावी यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही फोंड्याला राहता, ‘गोव्यातील पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ हा लेख सहा-सात मराठी ब्लॉगना एकदमच पाठवला आणि कुणाचंही उत्तर आलं नाही. लिहिण्यात कमी पडतोय का, असा तुमचा प्रश्न आहे. मी म्हापशाहून एक छोटा ब्लॉग चालवतो, इतरांकडेही लिहितो, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. तुमचा प्रश्न वाचूनच कळतं की लिहिता तुम्ही चांगलं. अडतंय ते विषयापाशी.

कळंगुट, दूधसागर, जुन्या गोव्यातली चर्च यांवर प्रवासाच्या बहुतेक ब्लॉगवर आधीच काहीतरी असतं, आणि नसलं तरी ते पुण्यात बसून लिहिता येतं. ब्लॉग चालवणाऱ्याला हवं असतं ते त्याच्या हाती न लागणारं. फोंड्यात राहणाऱ्याकडे ते किती आहे! चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांनी सजवलेल्या चौकटीचं, सामान येतं: कवंडाळं, कांगलां, घागऱ्या, आंबाडे, सुपारीचे घोस. ही रानफळं कोण गोळा करतं, कुठल्या डोंगरावरून, कुठली आता मिळेनाशी झाली, हे विकायला बसलेल्या बायकांशी बोलून लिहा. तो लेख झाडांवरच्या ब्लॉगला चालेल, सणांवरच्यालाही चालेल. किंवा आडपई-दुर्भाटच्या बाजूला जा आणि खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीची, मानस (बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार) कशी चालते ते बघा. भरतीचं पाणी चढलं की तिची दारं त्या दाबानंच मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरावर उघडतात, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात तिथं पिकतं. हे जवळून बघून मराठीत नीट लिहिलेलं फार थोडं सापडतं. शेतीवरच्या एखाद्या ब्लॉगला असा लेख मिळाला तर तो परत का पाठवेल?

विषय ठरला की ब्लॉग निवडा, आणि निवडलात की तो खरोखर वाचा. मागचे लेख, त्याखालच्या प्रतिक्रिया, सगळं. वाचकानं विचारलेला आणि उत्तर न मिळालेला प्रश्न सापडला, तर तुमचा लेख तिथूनच सुरू होतो. ‘आमच्यासाठी लिहा’ असं पान असेल तर शब्दमर्यादा, फोटोंचा आकार, लेख कुठल्या स्वरूपात हवा, हे सगळं तंतोतंत पाळा. फोटो स्वतः काढलेलेच द्या.

मेल छोटा असावा. साधारण असा: ‘नमस्कार, तुमचा कोकणातल्या भातजातींवरचा लेख वाचला. त्यात खाऱ्या जमिनीचा उल्लेख एका ओळीत आहे. मी फोंड्यात राहतो. खाजन शेतीत पिकणाऱ्या कोरगुट भातावर आठशे शब्दांत लिहू शकेन, शेतकऱ्यांशी बोलणं झालंय, फोटो माझे आहेत. माझे दोन लेख इथे वाचता येतील.’ बस्स. ‘आदरणीय संपादक महोदय’ असा सगळ्यांना एकच मेल गेला की तो ओळखू येतोच. आधीचे छापलेले लेख नसतील तर स्वतःच्या ब्लॉगवर दोन-तीन चांगले लिहून ठेवा, किंवा गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्यांना पाठवून बघा.

लिंकबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. स्वतःच्या साइटला बॅकलिंक (दुसऱ्याच्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक, जिच्यामुळे गूगलच्या शोधात वर येता येतं) मिळावी एवढ्यासाठीच गेस्ट पोस्ट लिहिणार असाल तर नका लिहू. लिंकसाठी चालणारं गेस्ट ब्लॉगिंग आता संपवा, असं गूगलच्या मॅट कट्स यांनी जानेवारी 2014 मध्येच लिहिलं होतं, आणि मे 2017 मध्ये गूगलनं पुन्हा तशीच ताकीद दिली. त्यामुळे ब्लॉगमालक धास्तावलेले असतात. मजकुरात कोंबलेली लिंक दिसली की ते पुढे वाचतच नाहीत. लेखाखालच्या परिचयात एक लिंक पुरे.

हक्कांचंही आधीच बोलून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा हक्क दुसऱ्याला देण्यासाठी तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. नुसता लेख पाठवल्यानं तो जात नाही. तरी तोच लेख तुमच्या ब्लॉगवर केव्हा टाकलेला चालेल, हे मेलवर विचारून ठेवा, म्हणजे नंतर कटुता येत नाही.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा. तरीही शांतता असेल तर विषय दुसऱ्या ब्लॉगकडे न्या, पण त्यांचे लेख वाचून, मेल पहिल्यापासून नवा लिहून. माटोळीवर लिहिणार असाल तर आत्तापासून विचारायला लागा. चवथीच्या आठवड्यात पोचलेला लेख लावायला कुणाकडेच वेळ नसतो.