बाहेरचा लाकडावर चालणारा बॉयलर: आधी जमिनीखालचा पाइप बघा

हा बॉयलर घराबाहेर लाकूड जाळून पाणी तापवतो आणि ते जमिनीखालच्या पाइपाने घर गरम करायला आत येतं. बॉयलर मोठा घेण्याचा मोह टाळा. गरजेपेक्षा मोठा बॉयलर बहुतेक वेळ हवा बंद करून नुसता धुमसतो. मग धूर, डांबरासारखा थर आणि गंज. आधी घराची उष्णतेची गरज काढा.

खरा पैसा पाइपात घाला. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक ठेवून ३० किलोवॉट उष्णता न्यायची तर मिनिटाला साधारण ४३ लिटर पाणी फिरायला हवं. त्यासाठी पेक्स पाइपचा (गरम पाण्यासाठीचा लवचिक प्लास्टिक पाइप) आतला व्यास ३२ मिमीच्या आसपास ठेवा. इन्सुलेशन बंद पेशींच्या फोमचं आणि बाहेरून जलरोधक आवरणाचं हवं. पाइपावर फॉइल गुंडाळून तो नळीत ओढण्याचा स्वस्त उपाय करूच नका. नळीत पाणी शिरलं की तुम्ही घराऐवजी जमीन तापवत बसाल. चर गोठणरेषेखाली, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्याहून खोल खणा.

घरातून बॉयलरकडे परतीचं पाणी ६० अंशांखाली जाऊ देऊ नका, नाहीतर धुरातली आम्लयुक्त वाफ बॉयलरच्या पत्र्यावर साचून तो आतून खाते. यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे परतीच्या पाण्यात आपोआप गरम पाणी मिसळणारी झडप बसवा. पाण्यात गंजरोधक हवंच. त्याचं प्रमाण दरवर्षी तपासा.

लाकूड मात्र आजच फोडून रचायला घ्या. ओलावा २० टक्क्यांखाली यायला वर्ष सहज जातं.