वुड-क्वेल: एक धोक्यात, दुसरा नाही, असं का?

तुमचा प्रश्न असा, की कोलंबियाचा गॉर्जेटेड वुड-क्वेल आणि ब्राझीलचा स्पॉट-विंग्ड वुड-क्वेल हे दोघेही पक्षी ओडोन्टोफोरस या एकाच प्रजातीतले (genus), मग आययूसीएनच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत, पहिला 'असुरक्षित' आणि दुसरा 'किमान चिंता' असं कसं?

राहणी दोघांची सारखीच. जंगलात जमिनीवर पाचोळा उकरत छोट्या थव्याने फिरायचं, उडायचं ते अगदी नाइलाज झाला तरच. नावात क्वेल असलं तरी आपल्या लाव्ह्याचे हे सख्खे नव्हेत. अमेरिका खंडातलं वेगळंच कुळ आहे. फरक पडतो तो राहायच्या जागेमुळे.

नोकरीनिमित्त साओ पावलोत होतो तेव्हा स्पॉट-विंग्ड पाहिलाय. तिकडे त्याला उरू म्हणतात. झाडीत अंधार दाटायला लागला की जोडी साद घालते, एकाचा सूर संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. मला सह्याद्रीतली चकोत्री आठवली. तीही दहादा ऐकू येते तेव्हा एकदा दिसते. एका संध्याकाळी वाटेच्या कडेला पाचोळा खसखसला. राखाडी पोट, डोळ्याभोवती लालभडक कातडी, पंखांवर बारीक पांढरे ठिपके. चार पावलं चालला आणि झुडपात शिरला. हा पक्षी पूर्व ब्राझील, पूर्व पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या मिसियोनेस प्रांतापर्यंत पसरलेला आहे, म्हणून एवढी जंगलतोड होऊनही जात म्हणून तो तगून आहे.

गॉर्जेटेडकडे एवढा मुलूख नाही. कोलंबियात पूर्व अँडीजचा पश्चिम उतार, त्यातही मुख्यतः सान्तान्देर प्रांताकडची ओकची दमट जंगलं, एवढ्यातच तो. गळ्यावर काळा-पांढरा पट्टा, त्यावरूनच नाव. लाकूड, शेती आणि कुरणांसाठी तीच जंगलं तुटली, वर शिकारही झाली. 1990 च्या दशकात तो 'अतिसंकटग्रस्त' होता. पुढे आणखी ठिकाणी सापडला, 2005 मध्ये यारिगीएस डोंगररांगेत राष्ट्रीय उद्यान झालं आणि धोक्याची श्रेणी टप्प्याटप्प्याने खाली आली. ही खरोखर चांगली बातमी आहे.

पण 'किमान चिंता' वाचून उरूबद्दल निर्धास्त राहू नका. ती श्रेणी अख्ख्या जातीची आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये त्याची प्लम्बेइकॉलिस ही उपजाती राहते. तिथलं जंगल उसाच्या शेतीने पार तुकडे-तुकडे करून टाकलंय आणि ब्राझीलच्या स्वतःच्या यादीत ही उपजाती धोक्यात असल्याची नोंद आहे. जागतिक श्रेणीत ते दिसत नाही. मला तर आज गॉर्जेटेडपेक्षा तिचीच काळजी जास्त वाटते.