पाचवीच्या वर्गात कमी दिसणारी मुलगी, श्रवणयंत्र लावणारा मुलगा आणि वाचताना अडखळणारा मुलगा: स्मार्ट बोर्ड आणि दोन टॅबलेट नेमके कसे वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरची हिंदी माध्यमाची शाळा, पाचवीत ४२ मुलं, त्यातल्या या तिघांच्या घरी मराठी बोलतात. भिंतीवर स्मार्ट बोर्ड आहे, कपाटात दोन अँड्रॉइड टॅबलेट पडून आहेत, आणि मुख्याध्यापक म्हणताहेत की एखादं चांगलं ॲप सुचवा, घेऊन टाकू.

ॲप आत्ता घेऊ नका. आधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या वर्कशीट आणि प्रश्नपत्रिका कुठल्या फॉन्टमध्ये टाइप होतात, आणि शिकवताना तुमचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत कसा पोचतो. या दोन्ही सुधारल्याशिवाय महागातलं महाग ॲपही या मुलांच्या उपयोगी पडणार नाही.

फॉन्टपासून सुरुवात करू. मध्य प्रदेशात शाळांचं हिंदी टायपिंग अजून मोठ्या प्रमाणावर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होतं. कृतिदेव कागदावर उत्तम दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती देवनागरी नसतेच. 'भारत' हा शब्द आत 'एच, के, के, जे, आर' या पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यावर फक्त देवनागरी मुखवटा चढवतो. त्यामुळे वाचून दाखवणारं कुठलंही साधन (अँड्रॉइडमधलं टॉकबॅक किंवा सिलेक्ट टू स्पीक, संगणकावरचं मोफत एनव्हीडीए) ती रोमन अक्षरंच बडबडतं. 'हे ॲप हिंदी वाचतच नाही' ही तक्रार निघते तिच्या मुळाशी बहुधा हेच असतं. तपासायला अर्धा मिनिट लागतं. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. देवनागरी दिसली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, म्हणजे आत खरी देवनागरी अक्षरंच साठवलेली आहेत. रोमन गिचमिड दिसली तर फाइल बदलून घ्यायला हवी.

बदलण्यासाठी कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. तीन ठिकाणी हमखास चूक राहते. जोडाक्षरावरचा ऱ्हस्व इकार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. रफार एक घर पुढे-मागे सरकतो. आणि मधे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी करून टाकतो, त्यामुळे 'सीएम' (सेंटिमीटर) किंवा 'केजी' असलेलं गणित पार बिघडतं. इंग्रजी शब्द नंतर हातानं भरा. नवं काम मात्र पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा. टाइप करणाऱ्यांना इनस्क्रिप्ट (युनिकोडमध्ये टाइप करायचा देवनागरी कीबोर्ड) जमत नसेल तर फोनच्या कीबोर्डवर हिंदी बोलून लिहा आणि मग दुरुस्त करा.

पुस्तकाच्या पानासाठी रस्ता वेगळा आहे. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पान सपाट धरून फोटो काढा. दोन रकाने असतील तर प्रत्येक रकाना वेगळा कापा. फाइल २ एमबीच्या आत ठेवून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि संगणकावरून ती गूगल डॉक्समध्ये उघडा. फोटोच्या खाली मजकूर उतरलेला दिसेल. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल आणि गळालेले अनुस्वार एकदा नजरेखालून घाला. 'चिंता' वरचा ठिपका गळून 'चिता' झाली तर मूल ऐकून तसंच समजणार, त्यात त्याचा काय दोष?

मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की कमी दिसणाऱ्या मुलीचं निम्मं काम झालं. बऱ्याच शाळांत अशा मुलांना ए-४ ची प्रश्नपत्रिका ए-३ वर झेरॉक्स करून देतात. कागद दुप्पट होतो, पण अक्षर फक्त १.४१ पट वाढतं, म्हणजे १२ पॉइंटचं जेमतेम १७. शिवाय झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये बारीक मात्रा उडतात आणि तो भला मोठा कागद बाकावर मावत नाही. त्याऐवजी फाइलमध्येच अक्षर वाढवा. एकच परिच्छेद १८, २४ आणि ३० पॉइंटमध्ये छापून तिच्यासमोर ठेवा आणि ती कुठला सर्वांत सहज, न थांबता वाचते ते बघा. सर्वांत मोठं तेच सर्वांत चांगलं असं नसतं, कारण अक्षर फार मोठं झालं की एका नजरेत दोनच शब्द मावतात आणि वाक्याचा धागा तुटतो. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा साधा घ्या, ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार, दोन्हीकडे गर्दी असते. दाटीवाटीच्या ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला चिकटतो.

स्मार्ट बोर्डाचं म्हणाल तर समोरच्या खिडकीचा उजेड त्यावर पडत असेल तर पहिल्या बाकावरूनही तिला काही दिसणार नाही. पडदा लावा आणि पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पिवळं, यातलं तिला जे सोयीचं वाटेल ते वापरा. पण मुख्य उपाय हा की बोर्डवरचं पान आदल्या दिवशी पीडीएफ करून तिच्या टॅबलेटमध्ये टाकायचं. तिथे ती आपल्या गतीनं मोठं करून वाचेल. शिकवताना बोर्डवर लिहिलेलं लगेच दिसायला हवं असेल तर बोर्डच्या संगणकावर गूगल मीट सुरू करून स्क्रीन शेअर करा आणि टॅबलेटवर तेच उघडा. दोन्हीकडे माइक आणि स्पीकर बंद ठेवा, नाहीतर वर्गात कर्कश शिट्टी घुमेल. टॅबलेटच्या सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत मॅग्निफिकेशन चालू केलं की तीन वेळा टॅप करून कुठलाही भाग मोठा होतो. टॅबलेट आडवा ठेवला तर तिला मान वाकवून बसावं लागेल. पोथी ठेवण्याचं लाकडी घडीचं स्टँड त्यासाठी छान चालतं.

आता श्रवणयंत्र लावणारा मुलगा. यंत्र लावलं म्हणजे ऐकू आलं, हा समज त्याचं सर्वांत जास्त नुकसान करतो. यंत्र जवळचा आवाज चांगला पकडतं, पण दोन मीटरच्या पुढे तुमच्या आवाजाबरोबर पंखा, बाक सरकणं आणि रस्त्यावरचे हॉर्न हे सगळंच मोठं होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं घटतो, आणि वर्गात तो भिंतींवर आपटून अस्पष्टही होतो. अशा मुलाला तुमचा आवाज मागच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर हवा असतो. ओरडून हे साधत नाही, उलट ओरडताना शब्द बिघडतात.

उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणि आवाज त्याच्याजवळ. त्याच्या यंत्राच्या कंपनीचा जुळणारा रिमोट माइक मिळाला तर तोच घ्या, कारण आवाज थेट यंत्रात जातो. ते परवडत नसेल तर कॉलरला लावायचा वायरलेस माइक आणि एक छोटा स्पीकर घ्या. इथे एक चूक फार होते. माइकही ब्लूटूथ आणि स्पीकरही ब्लूटूथ घेतला जातो. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. बाकीच्या मुलांना ते जाणवत नाही, पण हा मुलगा तुमचे ओठ बघून ऐकतो आणि ओठ न् आवाज जुळले नाहीत की त्याचा गोंधळ उडतो. माइकचा रिसीव्हर स्पीकरला ऑक्सच्या (हेडफोनसारखी पिन असलेल्या) वायरनं जोडा. स्पीकर त्याच्यापासून मीटरभर अंतरावर, कानाच्या उंचीला ठेवा, तोंड तुमच्याकडे नको. माइक हनुवटीखाली साधारण १५ सेंटिमीटरवर. पदर, ओढणी किंवा मंगळसूत्र त्यावर घासलं तर खरखर थेट त्याच्या कानात जाते. दुसऱ्या मुलाशी वेगळं बोलायचं असेल तेव्हा माइक बंद करा. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

रोज प्रार्थनेनंतर त्याच्या मागे मीटरभर उभं राहून 'आ, ऊ, ई, श, स, म' हे सहा आवाज म्हणा आणि त्यानं ते परत म्हणावेत. काल येणारे 'स' आणि 'श' आज गळले तर आधी कानातल्या साच्यातला मळ, नळीतला ओलावा आणि बॅटरी बघा. पावसाळ्यात ओलावा हे नेहमीचं कारण असतं, म्हणून रात्री यंत्र बॅटरीचं दार उघडून सिलिका जेलच्या डब्यात ठेवायला घरी सांगा. बटण बॅटरीवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवावी, कारण ती हवेनं चालू होते. शिट्टी वाजत राहिली तर बहुधा कान वाढलाय आणि साचा नवा करायला हवा. रंगपंचमीला आपल्याकडे गेर (रंगांची मिरवणूक) निघते आणि शाळेतही आधी रंग खेळतात. त्या दिवशी यंत्र डब्यात ठेवायचं, आणि त्याला ऐकू येणार नाही हे सगळ्यांना आधीच माहीत असायला हवं.

लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे मोफत ॲप तुमचं बोलणं टॅबलेटवर लिहून दाखवतं. भाषा 'हिंदी (भारत)' निवडा. मात्र पाचवीतलं मूल धावतं लिखाण पुरतं वाचू शकेलच असं नाही, आणि गणितात व विशेषनामांत ते खूप चुकतं. जोड म्हणून ठेवा, माइकऐवजी नको.

वाचताना अडखळणाऱ्या मुलासाठी दुसरा टॅबलेट. देवनागरीत 'दिन' लिहिताना डोळ्याला आधी इकार भेटतो आणि जीभ आधी 'द' म्हणते. अशा मुलाला ही उलटापालट फार छळते. सिलेक्ट टू स्पीक मजकूर वाचताना चालू शब्द रंगवून दाखवतं, त्यामुळे डोळा आणि कान एकाच शब्दावर राहतात. वेग नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. हिंदी आणि मराठी दोन्ही आवाज आधीच डाउनलोड करून घ्या, म्हणजे वर्गात इंटरनेट लागणार नाही. हिंदीच्या पुस्तकाला हिंदीचाच आवाज लावा. घरी आजी 'ज्ञान'चा उच्चार 'द्न्यान' करते, शाळेत तो 'ग्यान' होतो, 'कृष्ण'ही दोन्हीकडे वेगळा. आधीच गोंधळलेल्या मुलाला आवाजानंच चुकीची भाषा ऐकवली तर तो स्वतःलाच चुकीचा समजतो. हे दोन उच्चार दोन भाषांचे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, हे त्याला उघड सांगा. हेडफोन एकाच कानाला लावायचा आणि तुम्ही बोलत असताना बंद. सुरुवातीला आणखी तीन-चार मुलांनाही आळीपाळीनं ऐकायला द्या, म्हणजे टॅबलेट 'त्याच्या कमीपणाचा' राहणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि वाचनाची विशिष्ट अक्षमताही त्यात आहे. पालकांनी यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. श्रवणयंत्रासारखी साधनं केंद्राच्या एडिप योजनेतून मिळू शकतात.

परीक्षेची तयारी आजच सुरू करा. लेखी परीक्षेसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटं जादा धरली होती. हाच हिशोब तुमच्या घटक चाचणीला लावा, म्हणजे दीड तासाच्या पेपरला अर्धा तास. चाचणीतही तोच टॅबलेट, तोच फॉन्ट, तोच आवाज आणि तोच वेग असू द्या, फक्त इंटरनेट बंद आणि प्रश्नपत्रिकेची युनिकोड फाइल आदल्या संध्याकाळी उघडून, पहिली दोन वाक्यं ऐकून तपासलेली.