मुक्तिनाथहून परतताना काठमांडूत एकच दिवस मिळतोय, सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत. गाइडसोबतची दिवसभराची टूर घ्यावी का?

घ्या, नक्की घ्या. फक्त ‘एका दिवसात सात ठिकाणं’ असं लिहिलेली टूर घेऊ नका, आणि तीस-चाळीस जणांच्या बसची तर नकोच. तुम्ही नवराबायको आणि आईबाबा मिळून चौघं आहात. दिवसभरासाठी एक गाडी, हिंदी नीट बोलणारा परवानाधारक गाइड आणि तीन-चार ठिकाणं, एवढ्यात दिवस भरगच्च होतो. मी आई आणि मावशीला घेऊन असा दिवस केलेला आहे. दोघींचे गुडघे दुखरे, त्यामुळे पायऱ्या, बसायची जागा, स्वच्छतागृह या सगळ्याचा विचार करूनच सांगतेय.

ती सात ठिकाणं कुठली ते आधी सांगते. काठमांडू खोऱ्याला 1979 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, ते सात ठिकाणांचं मिळून: काठमांडू, पाटण आणि भक्तपूर इथले तीन दरबार चौक (म्हणजे जुन्या राजवाड्यांसमोरचे चौक), स्वयंभूनाथ आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण ही दोन मंदिरं. टूरवाल्यांच्या यादीत हीच नावं फिरून फिरून येतात. पण चांगुनारायण एका टोकाला, स्वयंभू दुसऱ्या टोकाला, आणि मधली वाहतूक अशी की दिवसातला बराच वेळ गाडीत जातो. सगळी सात उरकायची म्हटली तर प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, बसा, एवढंच होईल. तेवढ्यासाठी गाइड कशाला हवा?

गाइड का हवा, ते आता सांगते. आपण ज्याला काठमांडू म्हणतो ती खरं तर तीन राजधान्यांची जागा आहे. यक्ष मल्ल हा राजा पंधराव्या शतकाच्या शेवटी वारला आणि त्याच्या वारसांत राज्य वाटलं गेलं: काठमांडू, पाटण, भक्तपूर. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण इथल्या भाऊबंदकीने पुढची पावणेतीनशे वर्षं एकमेकांवर कुरघोडी करत देवळं आणि वाडे बांधले. एकाने चौकात खांबावर आपला पुतळा बसवला की दुसऱ्यानेही बसवायचा. 1768 मध्ये गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाहाने काठमांडू घेतलं, तेही ऐन इंद्रजात्रेच्या दिवशी, शहर उत्सवात असताना. पुढच्या वर्षी भक्तपूर पडलं आणि मग काठमांडू साऱ्या नेपाळची राजधानी झाली. हे डोक्यात असलं की तिन्ही चौक वेगवेगळे कळतात. नसलं की सगळीकडे तीच उतरती छपरं आणि तीच कबुतरं दिसतात.

आता दिवस कसा लावावा. पहाटे निघा आणि पहिलं पशुपतिनाथ करा. दुपारी गाभाऱ्याचे दरवाजे बंद असतात, त्यामुळे दहा वाजता निघणारी टूर तुमच्या आईबाबांच्या कामाची नाही. त्यांच्या दृष्टीने दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच असणार. गाभाऱ्याला चार दिशांना चार दरवाजे आणि शिवलिंगाला चार मुखं, त्यामुळे प्रदक्षिणेत प्रत्येक दारातून वेगळ्या मुखाचं दर्शन होतं. पश्चिमेच्या दारासमोर सोनेरी मुलाम्याचा भलाथोरला नंदी आहे. पूजा करणारे मुख्य भट्ट पुजारी परंपरेने दक्षिण भारतातले, बरेचसे कर्नाटकातले, हे ऐकून माझ्या मावशीला फार आनंद झाला होता. कातडी पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. आत फोटो काढू देत नाहीत. अभिषेक करायचा असेल तर देवस्थानाच्या खिडकीवर पावती फाडा, रस्त्यात गाठणाऱ्या कुणाकडून करू नका.

मंदिराच्या मागेच बागमती आणि तिच्या काठावर घाट. तिथे उघड्यावर अंत्यसंस्कार चालू असतात आणि समोरच्या तीरावरून सगळं दिसतं. बऱ्याच टूरमध्ये न विचारता तिकडे नेतात. तुम्ही आईबाबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि त्यांना नको असेल तर गाइडला तसं स्पष्ट सांगा. माझी आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी राहिली, मावशी गेलीच नाही. गेलात तर मोबाइल खिशात ठेवा, समोर कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

पशुपतीहून बौद्धनाथ अगदी जवळ, साधारण दोन किलोमीटर. नाश्ता तिथे करा. स्तूपाभोवतीच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर उपाहारगृहं आहेत, पण गुडघ्यांचा प्रश्न असेल तर तळमजल्यावरचं शोधा. प्रदक्षिणेचा मार्ग सपाट आहे, मध्ये बसायला जागा आहे, वृद्ध तिबेटी बायका माळ ओढत फिरत असतात आणि आईच्या वयाची माणसं त्या गर्दीत आपोआप मिसळून जातात. 2015 च्या भूकंपात स्तूपाच्या शिखराला तडे गेले होते. भाविकांच्या देणग्यांतून ते काम पुरं झालं आणि 2016 च्या नोव्हेंबरात स्तूप पुन्हा खुला झाला. इथे तासभर पुरे.

मग पाटण. माझं ऐकाल तर दिवसाचा सगळ्यात मोठा तुकडा पाटणला द्या. काठमांडूचा चौक मोठा आहे, भक्तपूरचा प्रशस्त आहे, पण पाटणचा चौक असा दाटीवाटीने बांधलेला आहे की एका जागी बसून मान फिरवली तरी पोट भरतं. आईबाबांना बसवा आणि गाइडला बोलू द्या.

समोरच कृष्णमंदिर आहे. सिद्धिनरसिंह मल्लाने 1637 मध्ये बांधलेलं, आजूबाजूच्या विटा-लाकडाच्या देवळांमध्ये हे पूर्ण दगडी आणि एकवीस कळसांचं. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या पट्टीत महाभारत कोरलेलं आहे आणि दुसऱ्यावरच्या पट्टीत रामायण. गाइडने बोट दाखवलं आणि त्यानंतर माझ्या आईने त्याला बोलूच दिलं नाही. हा भीष्म शरपंजरी, हा अमका, हा तमका, तीच सांगत सुटली. तो बिचारा हसून मान डोलवत उभा राहिला. जाताना एखादी छोटी दुर्बीण असेल तर न्या, पट्टी उंचावर आहे आणि आकृती लहान आहेत.

त्याच चौकात उंच खांबावर योगनरेंद्र मल्ल हात जोडून बसलेला आहे. डोक्यावर नागाचा फणा आणि फण्यावर एक छोटा पक्षी. लोक सांगतात की तो पक्षी तिथे आहे तोवर राजा परत येण्याची आशा आहे, म्हणून त्याच्यासाठी वाड्याची एक खिडकी उघडी ठेवायची आणि हुक्का भरून ठेवायचा. भूकंपात हा पुतळा खाली आला होता, आता पुन्हा वर बसवला आहे.

भूकंपाबद्दल गाइडला मुद्दाम विचारा. 25 एप्रिल 2015 ला, 7.8 तीव्रतेचा. या चौकातलं हरिशंकर मंदिर आणि चारनारायण मंदिर जमीनदोस्त झालं. ढिगाऱ्यातले कोरीव खांब, टेकू, तोरणं लोकांनी उचलून दरबाराच्या आवारात नेऊन ठेवली, चोरीला जाऊ नयेत म्हणून. पुढे देवळं पुन्हा बांधताना जुनं लाकूड जिथे वापरता आलं तिथे जुनंच वापरलं आणि जिथे गेलं होतं तिथे इथल्या नेवार समाजातल्या सुतारांनी नवं कोरून बसवलं. आमच्या गाइडने आम्हाला एका खांबाशी उभं केलं आणि सांगितलं, हात न लावता बघा. खालचा भाग काळपट, तेलकट, कडा झिजलेल्या. वरचा जोड फिक्या रंगाचा, नक्षी तीच पण धार अजून ताजी. दोन्हींच्या मधला सांधा लपवलेला नाही. छपराखालच्या तिरप्या टेकूंवरही हाच फरक दिसतो. एकदा डोळ्यांना सवय झाली की मग संपूर्ण चौकात काय पडलं होतं आणि काय उभं राहिलं ते आपलं आपल्याला वाचता येतं. ही गोष्ट पुस्तिकेतून कळत नाही. मी गाइड घ्या म्हणते ते यासाठी.

चौकाच्या उत्तर टोकाला मंगा हिती आहे, जमिनीखाली उतरून जायचं पाण्याचं कुंड. मगरीच्या तोंडाच्या दगडी धारा, सहाव्या शतकातल्या, आणि त्यातून आजही पाणी येतं. घागरी-कॅन घेऊन बायका उभ्या असतात. पायऱ्या ओल्या असतात, आईबाबांना वरूनच दाखवा.

पाटण संग्रहालय जुन्या दरबारातच आहे. पाटण हे धातूच्या मूर्तींचं गाव. इथलाच अरनिको तेराव्या शतकात कारागिरांची तुकडी घेऊन तिबेटला गेला आणि तिथून कुबलाई खानाच्या दरबारी पोचला. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याच्या हातचा. मूर्ती कशी ओततात, पत्रा ठोकून नक्षी कशी उठवतात ते संग्रहालयात टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. जिने मात्र अरुंद आणि उभे आहेत. जेवण तिथेच आसपास करा, डाळ-भात-तरकारी शाकाहारी माणसाला सगळीकडे मिळते.

संध्याकाळकडे काठमांडूचा दरबार चौक, दीड तास. कुमारी घर बघा: 1757 सालचा विटांचा वाडा, आतल्या चौकात खिडक्यांची कोरीव महिरप. जिवंत देवी मानलेली मुलगी कधीकधी वरच्या खिडकीत येते, तिचा फोटो काढायचा नाही. येईलच असं नाही, त्यासाठी ताटकळू नका. काळभैरवाची मोठी दगडी मूर्ती, शेंदराने तोंड झाकून गेलेला हनुमान, आणि काष्ठमंडप. काष्ठमंडप भूकंपात पूर्ण कोसळला, त्या वेळी आत रक्तदान शिबिर चालू होतं. आता तो पुन्हा जुन्या पद्धतीने लाकडात उभा केला आहे.

इथे एक गोष्ट इतिहासाची आवड असलेल्या बाबांसाठी. 1857 च्या उठावानंतर नानासाहेब पेशवे नेपाळकडे गेले हे आपल्याला माहीत असतं, पण लखनौच्या बेगम हजरत महलही इथेच आश्रयाला आल्या आणि 1879 मध्ये काठमांडूतच वारल्या. त्यांची कबर जामे मशिदीपाशी आहे, दरबार चौकापासून फार लांब नाही. गाइडला आधी सांगितलंत तर तो थांबवेल.

स्वयंभूनाथ मी या दिवसातून वगळेन. पूर्वेकडून 365 पायऱ्या आहेत. गाडीने मागच्या बाजूने बरंच वर जाता येतं, तरी थोडं चढावं लागतंच, आणि माकडं हातातली पिशवी ओढतात.

आता व्यवहाराचं. गाइडकडे परवान्याचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागा, त्यात संकोच करू नका. बुक करतानाच सांगा की थांगका (कापडावरची बौद्ध चित्रं), रुद्राक्ष, पश्मिना, नादवाट्या अशा कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. ते न सांगता गेलात तर दुपारचा एक तास दुकानात जातो, हे मी बऱ्याच ओळखीच्यांकडून ऐकलंय. पैशांचं बोलताना ‘आयसी की एनसी’ हे आधी विचारा, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. आपल्या 100 रुपयांचे त्यांचे 160 होतात, त्यामुळे गोंधळ महागात पडतो. गाडी, पेट्रोल, पार्किंग, गाइड, प्रवेशतिकिटं यातलं काय धरलंय आणि काय नाही ते लिहून घ्या. चौकांच्या तिकिटात भारतीयांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा बराच कमी दर असतो, त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. विमानाने जाताना तुम्हा दोघांना तेच लागणार आहे. घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं, पहाटेची गाडी ठरवताना हे लक्षात असू द्या. आणि शनिवार टाळता आला तर टाळा, तिथली साप्ताहिक सुट्टी असल्याने पशुपतीला रांग लांबते.

भक्तपूर राहिलं म्हणून हळहळू नका, पण परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तेवढंच करा, गाइडशिवायही चालेल. शहरापासून साधारण 13 किलोमीटर. 1702 सालचं पाच छपरांचं न्यातपोल मंदिर खालूनच बघा, पायऱ्या फार उभ्या आहेत, आणि मग जवळच्या कुठल्याही दुकानात मातीच्या वाटीतलं जुजू धौ मागवा. घट्ट, किंचित गोड दही असतं. चौघांना चार वाट्या सांगा, दोनांत भागत नाही.