पाच वर्षांचा मुलगा दात घासायला तयार नसतो. सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सकाळी ब्रश तोंडात धरून नुसता उभा राहतो, रात्री तर घासतच नाही, आणि घरातले म्हणतात, "दुधाचे दात, पडणारच आहेत!" यातलं शेवटचं वाक्य आमच्याही घरात होतं. ते आम्हाला चांगलंच महागात पडलं.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना एका रात्री गाल धरून रडत उठली. सकाळपर्यंत गाल सुजला. खालच्या दोन दाढा आतपर्यंत किडल्या होत्या. दोन्हींचं रूट कॅनाल झालं, वर स्टीलच्या टोप्या बसल्या आणि महिन्याच्या किराण्याइतके पैसे गेले. पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. हे मला दातांच्या डॉक्टरांकडे, खुर्चीशेजारी उभं राहून कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, "दात कोण घासतं?" मी कौतुकाने म्हटलं, "तिची तीच घासते."

"तिला बुटाची नाडी बांधता येते?"

"नाही."

"मग दात कसे घासता येतील?"

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. सवय त्याला लावायच्या आधी ब्रश तुमच्या हातात घ्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला दाढेच्या मागच्या कोपऱ्यात ब्रश फिरवण्याइतकं वळण नसतं. सकाळी हवं तर त्याला स्वतः घासू दे, त्याची हौस होईल. रात्रीचं मात्र तुम्ही घासायचं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेलं गोड रात्रभर तसंच राहतं आणि जंतू त्याचं आम्ल करत बसतात.

आम्ही बेसिनपाशी घासणं सोडूनच दिलं. तिथं रोज युद्ध व्हायचं. मी पलंगावर मांडी घालून बसायचे, तिचं डोकं मांडीवर, तोंड छताकडे. असं घेतलं की वरच्या दाढासुद्धा नीट दिसतात. वेळ मोजायला पाढे. एकेका कोपऱ्याला दोन पाढे, बे एके बे पासून सावकाश. आठ पाढे संपेपर्यंत दोन मिनिटं होतात. पहिले दहा-बारा दिवस रडारड झाली, मग तीच "आज उलटे म्हण" म्हणायला लागली. पाढे पाठ झाले हा वरचा फायदा.

एक चूक मात्र करू नका. "नाही घासलेस तर कीड येईल" असं मी तिला घाबरवलं होतं. आपल्याकडे शब्दच कीड, त्यामुळे तिला वाटलं दातात खरीच अळी वळवळतेय. दोन दिवस तोंडच उघडेना. पूर्वी दातातून अळ्या काढून दाखवणारे फिरायचे, त्यांचा धंदा याच शब्दावर चालत असणार.

आता सासूबाई. त्या रात्री नातीला प्रेमाने साखर घातलेलं दूध द्यायच्या, तेही दात घासून झाल्यावर. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दूध आठ वाजता आणलं आणि ब्रश त्याच्यानंतर नेला. ब्रशनंतर फक्त पाणी. दूध बंद झालं नाही, म्हणून त्याही रुसल्या नाहीत. मिश्रीचं प्रकरण अवघड होतं. त्या रोज सकाळी बोटाने मिश्री लावायच्या आणि ही शेजारी बसून तसंच बोट फिरवायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण मिश्रीची पुडी अजून कुठेही मिळते. सासूबाईंची मिश्री सुटलेली नाही. पण आता त्या मागच्या मोरीत जाऊन, दार लावून लावतात. मला तेवढं पुरे.

पेस्टबद्दल दुकानदारापेक्षा ट्यूब जास्त सांगते. दातांना किडीपासून वाचवणारं फ्लोराइड 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास आहे का ते वाचा. फळांच्या वासाच्या काही पेस्टमध्ये ते खूप कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तुमच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लावू नका. घासून झाल्यावर थुंकायला सांगा, पण खळखळून चूळ भरायला लावू नका, फ्लोराइड दातांवर राहायला हवं. आपल्या सगळ्यांचं लहानपण चुळा भरण्यात गेलंय, त्यामुळे हे मलाच पाळायला जड गेलं. तुम्ही चंद्रपूर, यवतमाळ किंवा नांदेडकडचे असाल आणि बोअरचं पाणी पीत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तिकडे बऱ्याच गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे बघा. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर पुढचा अर्धा तास तरी तोंडात आम्ल राहतं. जेवणात एक लाडू चालेल. दिवसभर हातात बिस्किटाचा पुडा नको, ते दाढेत चिकटून बसतं. शाळेतल्या वाढदिवसांची चॉकलेटं आमच्याकडे डब्यात जमा होतात आणि रात्रीच्या जेवणानंतर, ब्रशच्या आधी एक मिळतं.

तुमच्या मुलाच्या वयामुळे अजून एक सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. आधी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ती पक्की दाढ असते, परत येणार नाही. तिच्या खाचा खोल असतात आणि डॉक्टर त्या सीलंटने, म्हणजे पातळ लेपाने, बुजवून देऊ शकतात.

महिन्यातून एकदा मोबाइलची बॅटरी मारून तोंडात बघा. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर तेव्हाच डॉक्टरांकडे न्या. त्या वेळेपर्यंत कीड ड्रिलशिवाय थांबवता येते. मी काळा ठिपका दिसायची वाट बघत बसले होते.