‘नवसाची मूर्ती’ की ‘अर्पणमूर्ती’?

प्राचीन इजिप्तमधील भाविक मांजर, बैल, ससाणा अशा पवित्र प्राण्यांच्या ज्या छोट्या धातुमूर्ती मंदिरांना देत, त्यांना मराठीत ‘टाक’ म्हणावे की ‘नवसाच्या मूर्ती’, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत आणि ‘अर्पणमूर्ती’ किंवा सरळ ‘देवाला वाहिलेली मूर्ती’ म्हणावे.

‘टाक’ लगेच बाद होतो. टाक पत्र्यावर ठशाने उठवलेला असतो आणि घरच्या देव्हाऱ्यात पुजला जातो. इजिप्तच्या या मूर्ती मात्र ओतीव असून मंदिराला देण्यासाठीच केलेल्या असत.

‘नवस’ अधिक मोहात पाडणारा आहे. पण आपल्याकडे नवस बोलला जातो आणि फेडला जातो. त्यात ‘अमुक झाले तर तमुक वाहीन’ अशी अट असते. इ.स.पू. 664 ते 30 या काळातील, म्हणजे उत्तरकालीन आणि टॉलेमी राजवटीतील, ज्या मूर्तींच्या बैठकीवर लेख आहे, तेथे नेहमीचा मजकूर ‘बास्तेत (मांजराच्या रूपातली देवी) अमक्याला जीवन देवो’ अशा धर्तीचा असून पुढे पुष्कळदा त्याच्या आईवडिलांची नावे येतात. ही फेड नव्हे, मागणे आहे. शिवाय देवीला वाहिलेले चांदीचे डोळे किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीला वाहिलेले मेणाचे हातपाय मागणाऱ्याचे दुखणे दाखवतात, तर इजिप्तची मूर्ती ज्याच्याकडे मागायचे त्या देवतेचा प्राणी दाखवते. मागणे काय होते, हे तिच्या आकारावरून कळत नाही.

‘वाहन’ हा शब्दही मराठी लेखनात सवयीने शिरतो, आणि तो मला अधिक खटकतो. थोथ या देवाचा शराटी पक्षी किंवा बास्तेतची मांजर ही त्या देवतांची वाहने नव्हेत. त्या प्राण्याच्या रूपात देवता प्रकट होते, अशी ती समजूत होती. मेम्फिस या प्राचीन इजिप्शियन नगरीतला एपिस हा तर प्ताह देवाचे जिवंत रूप मानलेला, अंगावरच्या ठरावीक खुणांवरून निवडलेला, एका वेळी एकच असणारा बैल होता, त्यामुळे त्याला ‘देवाला सोडलेला वळू’ म्हणणेही चुकीचे ठरते. एपिसच्या ओतीव मूर्तीत शिंगांमध्ये सूर्यबिंब आणि फणा काढलेला नाग असतो, तसेच पाठीवर पुष्कळदा पंख पसरलेले पक्षी कोरलेले असतात.

प्राण्यांच्या नावांसाठी मात्र मराठी पुरेशी आहे. शराटी, मुंगूस, चिचुंद्री हे शब्द असताना ‘आयबिस’ किंवा ‘श्रू’ लिहिण्याचे कारण नाही. आपला पांढरा शराटी हा तिकडच्या शराटीचा जवळचा नातलगच आहे.

एका बाबतीत ‘मूर्ती’ हा शब्दही अपुरा पडतो. काही मांजरी आतून पोकळ असून त्यांत मांजराची ममी ठेवलेली असे. काही लहान धातूच्या पेट्यांवर सरडा किंवा साप बसवलेला असून आत त्याच प्राण्याचे अवशेष असत. अशा वस्तूला ‘मूर्तियुक्त शवपेटिका’ म्हणणे अवजड वाटले, तरी अचूक आहे.

धातूविषयी लिहिताना ‘पितळी’ म्हणू नये, कारण पितळेत जस्त असते. येथे तांबे आणि कथील यांचे कासे असून त्यात पुष्कळदा शिसेही मिसळलेले असे. ओतण्याची रीत मेणाचा नमुना करून तो वितळवून टाकण्याची होती, आणि तिच्यासाठी ‘मधूच्छिष्टविधान’ हा जुना संस्कृत शब्द आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण.

आता राहिला ‘विसर्जन’. मंदिरात अशा वस्तूंची दाटी झाली की त्या पवित्र आवारातच पुरत. इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिरात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जॉर्ज लग्रँ यांना 1903 पासूनच्या उत्खननात दगडी पुतळ्यांबरोबर सुमारे 17,000 कांस्यवस्तू सापडल्या, त्या अशाच पुरलेल्या होत्या. देवाची झालेली वस्तू देवाच्याच जागेत राहावी, हा त्यामागचा हेतू होता, म्हणून तेथे ‘विसर्जन’ न लिहिता ‘पुरून ठेवणे’ असेच लिहावे.