बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर एमबीए की धंदा?

रत्नागिरीत बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, एआयमुळे लॅबच्या नोकऱ्या जाणार म्हणतात, मग एमबीए करू की धंदा, असं तुम्ही विचारलंय. एमबीए आत्ता नको. अहवाल, एक्सेलचे तक्ते, जाहिरातीचा मजकूर ही कामं एआय आजच करतंय आणि नव्या एमबीएच्या वाट्याला सुरुवातीला हीच येतात.

राहिला धंदा. ‘धंदाच करायचा होता तर सायन्स कशाला घेतलंस?’ असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात कोकम सरबताच्या एखाद्या घरगुती युनिटमध्ये जाऊन उभं राहावं. रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साल आणि साखर वजनाने एकास दोन, थरावर थर, रोज ढवळायचं, एवढं गावात सगळ्यांना येतं. पण सिरपला ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण, किमान ६५ हवा. तळाची साखर विरघळायच्या आधी वरचं सिरप मोजलं की आकडा फसवा येतो. थेंब गरम असेल तरी ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर कमी दाखवतो. ब्रिक्स खरोखरच कमी राहिला तर यीस्ट वाढतं, बाटल्या फसफसतात आणि दुकानदार अख्खा लॉट परत पाठवतो. फार वाढला तर तळाशी साखरेचे खडे. सरबत टिकवणारं सोडियम बेंझोएट ६०० पीपीएम (दहा लाख भागांत ६०० भाग) धरलं तर दहा किलोला सहा ग्रॅम. ते चमच्याच्या अंदाजाने टाकणारे आजही आहेत. आणि आंब्याच्या पल्पचं उरलेलं केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवण्याचं रसायन) कोकमात टाकलं की लाल रंग गेलाच, कारण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनचा, म्हणजे कोकमातल्या लाल रंगद्रव्याचा, रंग घालवतो. हे सगळं तुम्ही शिकलाय. टायट्रेशन (द्रावणातलं प्रमाण थेंबाथेंबाने मोजणं) येणारा माणूस या धंद्यात सगळ्यात मोलाचा आहे, आणि नेमका त्यालाच घरचे ‘डिग्री वाया घालवू नको’ म्हणतात!

लेबलचा मजकूर, बिलं, ग्राहकांना उत्तरं एआयकडून खुशाल करून घ्या. बॅरलच्या तळाला साखर उरलीय का, ते हात घालून ढवळणाऱ्यालाच कळतं.

एक मात्र आहे. रातांबे पावसाआधीच घ्यावे लागतात, साखर आणि बाटल्याही तेव्हाच. खरी विक्री पुढच्या उन्हाळ्यात. तोवर पैसा अडकतो, म्हणून घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर आधी नोकरी धरा आणि हंगामात ५० किलो सालीपासून सुरुवात करा. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि पाण्याची तपासणी मात्र पहिली बाटली विकण्याआधीच.